टॅलिनमध्ये एक दिवस: जहाजाची बस की पायी भटकंती?

क्रूझ एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनला थांबते ती जेमतेम दिवसभर. जहाजाच्या सहलीची बस घेतली, तर बऱ्याचदा कादरिओर्गचा राजवाडा होतो. रशियाचा झार पीटर द ग्रेटने 1718 साली त्याचं काम सुरू केलं. जवळच गीत-महोत्सवाचं मैदान आहे, जिथे 1988 मध्ये लाखो एस्टोनियन स्वातंत्र्यासाठी गायले. शिवाय जुन्या शहरातल्या तूम्पेआ टेकडीचा चढ वाचतो. सोबत कुणाचे गुडघे दुखत असतील, तर बसच बरी.

पण जुनं शहर घाईत पाहू नये, असं मला मनापासून वाटतं. बंदरापासून ‘फॅट मार्गारेट’ बुरूज पायी पंधरा-वीस मिनिटांवर. तिथून पिक्क रस्ता धरायचा. होली स्पिरिट चर्चच्या पांढऱ्या भिंतीवर लाकडात कोरलेलं निळं-सोनेरी घड्याळ दिसतं, सतराव्या शतकातलं. दोन पावलांवर चौक, 1404 चं गॉथिक नगरभवन आणि कोपऱ्यात औषधांचं दुकान. त्याची नोंद 1422 पासून सापडते आणि तिथे आजही औषधं मिळतात! मग तूम्पेआ चढून कोहतुओत्साच्या सज्ज्यावर जा, शहर न्याहाळायला. लाल कौलं, तटाचे बुरूज, मागे समुद्र.

धडधाकट असाल तर पायीच फिरा. फक्त परतीची वेळ पाळा. स्वतः फिरणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही.