ब्राश की गोमिश द सा? पहिला बाकल्याव निवडताना

पोर्तुगालमधल्या लिस्बन-पोर्तूच्या दोन-तीन दिवसांत बाकल्याव, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड, एकदाच खाणं होणार असेल तर कुठला मागवावा? बहुतेक जण 'आ ब्राश' सुचवतात. मी मात्र 'गोमिश द सा' सांगेन.

हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळत नाही. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज खलाशी त्याच्यासाठी पार कॅनडाकडच्या न्यू फाउंडलंडपर्यंत जात. आज तो मुख्यतः नॉर्वे-आइसलँडकडून येतो. मीठ होतं टिकवण्यासाठी, पण फ्रीज आले तरी खारवणं सुटलं नाही, कारण मिठाने मांस घट्ट होतं. एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवून शिजवलं की त्याच्या जाड, किंचित चिवट पाकळ्या सुटतात. ताज्या कॉडला ही गंमत नाही. म्हणून निवडताना मी एवढंच बघते: पाकळी हाती लागते का?

ब्राश हा लिस्बनच्या बायरू आल्तू या वस्तीतला पदार्थ. मासा बारीक कुस्करून कांदा-लसणावर परततात, काडीसारखे तळलेले बटाटे घालतात आणि वर फेटलेलं अंडं. अंडं ओलसर असतानाच उतरवलं तर सुरेख लागतं. क्षणभर उशीर झाला की कोरडी भुर्जी. चांगला जमला तरी त्यात मासा विरघळून जातो, चव उरते. मुलं बरोबर असतील किंवा माशाचा वास नकोसा वाटत असेल तर हाच घ्या.

गोमिश द सा हा पोर्तूमधला कॉडचा व्यापारी, आणि माल त्याला कळत होता हे पाककृतीत दिसतं. पाकळ्या गरम दुधात मुरवायच्या, मग उकडलेले बटाटे, कांदा आणि भरपूर ऑलिव्ह तेलासह भट्टीत. वर उकडलेलं अंडं नि काळे ऑलिव्ह. दुधाने खारटपणा मऊ होतो, पाकळी मात्र अख्खी राहते.

खाऱ्या बांगड्यावर वाढलेल्यांनी थेट 'लागारैरु' घ्यावा: जाड तुकडा, लसूण, तेल आणि मुठीने दाबलेले बटाटे. महाग पडतो, आणि भिजवणं कमी पडलं असेल तर लपायला जागा नाही.

24 डिसेंबरच्या रात्री कुणा पोर्तुगीज घरी जेवायला बोलावलं, तर निवडीचा प्रश्नच नाही. नुसता उकडलेला बाकल्याव, बटाटे, कोबीची पानं, अंडं आणि वरून तेल. जरूर जा.