जोहान्सबर्गचं अपार्थाइड म्युझियम, अर्धा दिवस काढूनच जा

ऑफिसच्या कामाने जोहान्सबर्गला जाणं झालं, बायको पण सोबत होती, एक दिवस मोकळा मिळाला तर सगळे म्हणत होते सफारी करा सफारी करा, पण आम्ही हे म्युझियम बघितलं आणि फार बरं झालं. अपार्थाइड म्हणजे दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या सरकारने कायद्याने चालवलेला वर्णभेद, त्याचंच हे म्युझियम. गोल्ड रीफ सिटी या मनोरंजन पार्कला लागूनच आहे.

तिकिटावर 'गोरे' नाहीतर 'बिगर-गोरे' असं छापलेलं असतं, तुमचा रंग बघून नाही, हाताला येईल ते. मला बिगर-गोरे आलं, बायकोला गोरे. दोघांची दारं वेगळी. आत मध्ये जाळी, तिच्यात त्या काळची ओळखपत्रं मोठी करून लावलीयेत, आणि पलीकडून बायको चालताना दिसतेय पण तिच्याकडे जाता येत नाही. काही मिनिटांचाच प्रकार, पण पोटात गोळा आला. इथल्या लोकांनी अख्खा जन्म असा काढला.

आमच्या मित्रांत एकजण नेहमी म्हणतो, जे संख्येने जास्त त्यांच्यावर कसला आलाय वर्णद्वेष. त्याला हे दाखवायला पाहिजे. काळे लोक दहात सात-आठ, गोरे थोडे, तरी १९१३ च्या कायद्याने काळ्यांच्या वाट्याला जेमतेम ७ टक्के जमीन, १९३६ नंतर फार तर १३. १९५० पासून प्रत्येकाची वंशानुसार सरकारी नोंद, आणि शंका आली तर केसात पेन्सिल खोचून बघायचे, अडकते की खाली पडते. ह्या असल्या तपासण्यांनी सख्खी भावंडं वेगवेगळ्या वंशात टाकली गेली! पासबुक, म्हणजे काळ्यांना कायम जवळ बाळगावं लागणारं ओळखपत्र, जवळ नसलं की आपल्याच देशात अटक. त्या पासविरुद्ध २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलला लोक जमले तर पोलिसांनी गोळ्या घातल्या, ६९ मेले. मत द्यायचा हक्कच नाही तर डोकी कितीही असोत, काय उपयोग?

आपल्याला खरं तर हे कळायला जड जाऊ नये, आपल्याकडे 'बहुजन' हा शब्दच आहे ना, बहु असूनही मागे ठेवलेले. शाहू महाराजांना १९०२ मध्ये ५० टक्के जागा राखून ठेवाव्या लागल्या त्या काय उगाच? जात आणि वंश एक नाही, मान्य, पण खुर्ची कोणाकडे हा प्रश्न दोन्हीकडे तोच. आणि हो, गोऱ्या माणसालाही कोणी रंगावरून घालूनपाडून बोललं तर त्याला लागतंच, ते चूकच आहे, फक्त त्यामुळे त्याची जमीन जात नाही की पोरांची शाळा बदलत नाही.

छताला टांगलेले फास आहेत, फाशी दिलेल्या राजकीय कैद्यांची आठवण म्हणून, तिथे कोणी बोलत नव्हतं. शेवटी १९९४ च्या मतदानाच्या लांबच लांब रांगा, त्यात पहिल्यांदा मत देणारी म्हातारी माणसं, बायको तिथून हलायलाच तयार नव्हती.

अगदी लहान पोरांना नेऊ नका, आणि सकाळीच जा, आम्हाला तीन तास कमी पडले.