सूज आणि दोन वायू: सेमिनारला कोणता घ्यावा?

सोलापुरात एमएस्सी करणारी भाची सुजेवरच्या सेमिनारला शरीरात बनणाऱ्या दोन वायूंपैकी कोणता घ्यावा, नायट्रिक ऑक्साइड की हायड्रोजन सल्फाइड, यात अडकलीय.

वाचायला नायट्रिक ऑक्साइड सोपा. १९९८चं वैद्यकाचं नोबेल त्यावरच. तो रक्तवाहिन्या सैलावतो, म्हणून सुजलेला भाग लाल, गरम. मोजायलाही बरा: त्याचं नायट्राइट होतं, ग्रीस अभिकर्मक (नायट्राइट ओळखणारं रसायन) टाकला की गुलाबी रंग.

हायड्रोजन सल्फाइड किचकट, पण खरी मजा तिथेच. सिस्टीन या अमिनो आम्लापासून शरीरच तो बनवतं. थोडा असेल तर पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू देत नाही, जास्त झाला की सूज भडकवूही शकतो. प्रयोगाला मात्र धोक्याचा: वायू विषारी, आणि प्रमाण वाढलं की सडक्या अंड्याचा वास नाकाला कळेनासाच होतो. विषारी वायू बाहेर ओढणारा चालू फ्यूम हूड किती कॉलेजांत असतो?

प्रात्यक्षिक दाखवायचं तर नायट्रिक ऑक्साइड. नुसतं बोलायचंय, परीक्षकांशी वाद घालायची हौस आहे, तर हायड्रोजन सल्फाइड.