अचूकता जमिनीवर मोजावी की कॅमेऱ्यापाशी? ड्रोन-नकाशाच्या पद्धतींची तुलना

हवाई छायाचित्रांत तपशील भरपूर असतो, पण तो पृथ्वीवर नेमका कुठे बसवायचा हे त्यांतून कळत नाही. ते उपग्रह स्थाननिश्चितीवरूनच ठरवावे लागते. साध्या ड्रोनवरील रिसीव्हरची चूक काही मीटरची असते. म्हणून पारंपरिक पद्धतीत उड्डाणापूर्वी जमिनीवर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या खुणा मांडतात, प्रत्येक खुणेचा मध्य आरटीके रोव्हरने (ज्ञात बिंदूवर ठेवलेल्या बेस स्टेशनकडून मिळणाऱ्या दुरुस्तीने आपले स्थान तिथल्या तिथे सुधारणाऱ्या फिरत्या उपग्रह-रिसीव्हरने) दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजतात आणि संगणकावर तीच खूण प्रत्येक छायाचित्रात शोधून जुळवतात. यात ड्रोन स्वस्त पडतो, पण मनुष्यबळ आणि वेळ अधिक लागतो. शिवाय दलदलीत किंवा खाणीच्या उभ्या कड्यावर खुणा हव्या तिथे मांडताच येत नाहीत.

आरटीके ड्रोन प्रत्येक छायाचित्र टिपताना कॅमेऱ्याचे स्थान सेंटिमीटरच्या पातळीवर नोंदवतो, मात्र बेस स्टेशनशी संपर्क तुटला की तेवढ्या छायाचित्रांची अचूकता ढासळते. पीपीके पद्धतीत ड्रोन आणि बेस दोन्हीकडे कच्ची निरीक्षणे साठवून गणित उड्डाणानंतर केले जाते, त्यामुळे संपर्क तुटण्याची चिंता उरत नाही. डोंगराळ भागात किंवा लांबलचक पट्ट्याच्या कामात पीपीकेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नकाशा त्याच दिवशी हातात हवा असेल तरच आरटीकेचा फायदा जाणवतो.

विक्रेते ‘जमिनीवर एकही खूण लागत नाही’ असे सांगतात, ते मात्र जसेच्या तसे स्वीकारू नये. कॅमेऱ्याच्या नाभीय अंतरात (भिंगापासून प्रतिमा उमटते तिथपर्यंतच्या अंतरात) किंचित फरक गृहीत धरला गेला, तरी आडव्या दिशेत नकाशा चोख दिसतो आणि उंची मात्र सर्वत्र काही सेंटिमीटरनी वर किंवा खाली सरकते. बेसचे निर्देशांक चुकले, तर सगळा नकाशाच तेवढा सरकतो. जमिनीवर मोजून गणितात वापरलेले दोन-तीन नियंत्रण बिंदू आणि गणितात न वापरलेले काही तपासणी बिंदू एवढी तयारी ठेवली, की या दोन्ही चुका उघड होतात. उपग्रहांवरून मिळणारी उंची लंबगोलाभापासूनची (पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासूनची) असते. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत ती बदलताना कोणते भूआभ प्रारूप (सरासरी समुद्रसपाटीचा पृष्ठभाग दाखवणारे प्रारूप) वापरले, हे अहवालात लिहून घ्यावे.

मोजायची जागा एखाद्या इमारतीच्या आवाराएवढीच असेल, तर ड्रोन कशाला, रोव्हर पुरे. दाट झाडीखालची जमीन मात्र छायाचित्रांत दिसतच नाही आणि तिथे रोव्हरचे संकेतही अडतात, तेव्हा अशा कामासाठी लायडार (लेझर किरणांनी अंतर मोजणारे उपकरण) किंवा टोटल स्टेशनच (जमिनीवरून कोन आणि अंतर मोजणारे उपकरण) निवडावे.