टायमरचा डबा: साडेतीन तारे, त्यातला एक मावशींचा

फोन कोंडून ठेवायचा डबा. ऑनलाइन मागवला, ११४९ रुपये. दोन महिने रोज वापरून मग लिहितोय.

आधी वस्तू सांगतो. खाली पारदर्शक प्लास्टिकचं भांडं, वर पांढरं झाकण, झाकणावर गोल बटण आणि बोटभर स्क्रीन. फोन आत टाकायचा, बटण फिरवून वेळ लावायची आणि दाबायचं. पाच सेकंद आकडे उलटे पळतात, तेवढ्यात मन फिरलं तर रद्द करता येतं. नंतर आत खट्ट होतं, मग बाप आला तरी उघडत नाही. एका मिनिटापासून दहा दिवसांपर्यंत लावता येतं. (दहा दिवस कोण लावतो देव जाणे.) तीन पेन्सिल सेल लागतात, ते सोबत येत नाहीत.

मी खानापूर तालुक्यातला, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, बेळगावात शहापूरला खोली करून राहतो. खानावळीतून जेवून आलं की फोनवर गेमची ‘एकच मॅच’ म्हणून बसायचो. शंभर जण विमानातून उड्या टाकणार, झोन आकसत जाणार, अर्ध्या तासात निकाल. हरलो की चिडून दुसरी, जिंकलो की खुशीत दुसरी. चौघांची टीम आमची, एक निपाणीचा, एक चंदगडचा, एक इथलाच वडगावचा. मध्येच उठलं की तिघंही शिव्या घालतात. गोम इथंच आहे. गेम एखादवेळेस सुटला असता, पण रात्री अकराला कानात येणारं “ये की लॉबीत, तुझ्याचसाठी थांबलोय” हे सुटत नाही. (लॉबी म्हणजे मॅचआधी टीम जमते ती जागा.) पहाटे चारला झोप, आठचं लेक्चर बुडालं, हजेरी ८५ टक्क्यांच्या खाली, दोन विषय बॅक.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, गेमिंग डिसऑर्डर आहे. ही यादी २०२२ पासून लागू झाली. त्यात नुसते तास मोजत नाहीत. ताबा सुटलाय का, बाकीचं सगळं मागं पडलंय का, नुकसान दिसत असूनही चालूच आहे का, आणि हे साधारण बारा महिने चाललंय का, हे बघतात. माझे तेव्हा आठ झाले होते. वाचून मी मनात म्हटलं, अजून चार महिने आहेत! यावरून काय ते समजा.

आता डब्याची खोट. पहिल्या रात्री नऊ ते बारा लावला. दहाला डबा टेबलावर थरथरायला लागला. पारदर्शक असल्यामुळं कोणाचा फोन येतोय ते लख्ख दिसतं, हात आपोआप झाकणाकडं जातो. आणि प्लास्टिकमधून ब्लूटूथ आरामात चालतं! इअरबडवर टिचकी मारली की कॉल लागला. तासभर त्यांची मॅच नुसती ऐकत बसलो, क्रिकेटची कॉमेंटरी ऐकावी तशी. कंपनीनं भांडं काळं करायला हवं होतं. तुम्ही घेतलात तर इअरबडही आत टाका.

दुसरी खोट माझीच. वेळ मीच लावणार, म्हणजे पाच सेकंदांत रद्दही मीच करणार. आठवडाभर तेच चाललं. शेवटी घरमालकीण मावशींना सांगितलं, तुम्ही लावत जावा.

मावशींनी डबा हातात घेतला, उलटापालटा केला आणि विचारलं, “ह्यात लाडू राहतील न्हवं?” तेव्हापासून रोज नऊला मी जिना उतरून खाली जातो. “किती लावू रे?” कुकरच्या शिट्ट्या विचारल्यासारखं. मी म्हणतो दोन तास, त्या तीन लावतात. पाच सेकंद संपेपर्यंत डबा छातीशी धरून ठेवतात. त्यांच्यासमोर रद्द करायचं धाडस अजून झालेलं नाही. एकदा आईचा फोन मला उचलता येईना म्हणून गावाकडं घाबरगुंडी उडाली, तेव्हापासून आईकडं मावशींचा नंबर आहे. आता दोघी माझ्याविषयी बोलतात, हा तोटाच धरा.

डब्यानं झोप आणली, पण पहिले दहा-बारा दिवस जी चिडचिड होते तिला डब्याकडं औषध नाही. त्यासाठी मी टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, १४४१६ वर फोन केला. फुकट असतो, मराठीतून बोलता येतं. फोन कोंडायच्या आधी लावायचा, एवढं लक्षात ठेवा. बेंगळुरूला निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत २०१४ पासून खास यासाठीच ‘शट’ क्लिनिक आहे, पण बेळगावातून ती रात्रभराची गाडी, आणि खर्च घरी काय म्हणून सांगायचा?

टीम तुटली नाही. शनिवारी दोन मॅच खेळतो, निपाणीकर अजून “मावशींचा पोरगा” म्हणून चिडवतो. एक बॅक निघाला, एक आहे.

अर्धा तारा सेलसाठी कापला, एक त्या पारदर्शक भांड्यासाठी. परवापासून मात्र नवीनच भानगड आहे. मावशींना रील्सचा नाद लागलाय, काका ओरडतात, म्हणून दुपारी त्यांचा फोन डब्यात असतो. काल नऊला खाली गेलो तर झाकणावर अजून चाळीस मिनिटं बाकी होती. “जरा जास्तच लावलं की रे,” म्हणाल्या, आणि आम्ही दोघं ते आकडे बघत बसलो.