रोल की कार्ड? मुंबईत फोटोग्राफी शिकायला लागताना

फोटोग्राफी मुळापासून शिकायची म्हटलं की दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, जुना फिल्म कॅमेरा घे, डार्करूममध्ये उभा राहा, मगच काही कळेल. दुसऱ्याला हे सगळे चोचले वाटतात. सेकंडहँड डीएसएलआर घे आणि मॅन्युअलवर ठेव, इतकंच. माझं मत असं, की एक्स्पोजर, म्हणजे फोटोला किती प्रकाश द्यायचा ते, शिकायला कार्ड, म्हणजे डिजिटल कॅमेरा बरा आणि प्रिंट शिकायला डार्करूमच हवी. रोल लॅबमध्ये देऊन स्कॅन फोनवर मागवणार असाल, तर मात्र फिल्मच्या वाटेला जाऊच नका. खर्च तेवढा फिल्मचा होतो.

शटर (प्रकाश किती वेळ घ्यायचा), अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडायचं) आणि आयएसओ (फिल्मची किंवा सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) यांचं नातं डिजिटलवर लवकर बसतं. शिवाजी पार्कजवळ बेस्टची धावती बस १/५०० सेकंदाच्या शटरला घ्या, मग १/३० सेकंदाला कॅमेरा बसबरोबर फिरवत घ्या. फरक तिथल्या तिथे दिसतो. फिल्मवर हाच अभ्यास करायचा तर प्रत्येक फ्रेमचे आकडे वहीत टिपावे लागतात, आणि काय चुकलं ते ३६ फ्रेम संपून रोल धुतल्यावर कळतं. वही नेमाने लिहिणारे विद्यार्थी थोडेच.

डिजिटलवरून फिल्मवर जाताना एक सवय मात्र उलटी करावी लागते. सेन्सरवर उजळ भाग जळला की तिथे काही उरत नाही, म्हणून डिजिटलवर हे उजळ भाग जपायचे. निगेटिव्ह जादा प्रकाश बराच सोसते. सावलीला प्रकाश कमी पडला तर मात्र तिथे ती कोरीच राहते. खोताच्या वाडीत जिन्याखालची सावली आणि बाहेरचं ऊन एका फ्रेममध्ये घेऊन दोन्ही कॅमेऱ्यांवर पाहा.

आता डार्करूम. रोल धुवायला ती लागतच नाही. चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे हात घालता येणाऱ्या पण उजेड न शिरणाऱ्या पिशवीत, फिल्म रिळावर चढवून टँक बंद केला की पुढचं सगळं उजेडात, मोरीतही होतं. पावसाळ्यात बॅगेत हात घामेजतात आणि प्लास्टिकचं रीळ जरा ओलसर असलं तरी फिल्म मध्येच अडकते, तेवढं सांभाळायचं. मुंबईत खरी कसोटी पाण्याची. फिल्म किती वेळ धुवायची याचे तक्ते २० अंश सेल्सिअस धरून केलेले असतात: एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म आयएसओ ४०० धरून धुतली तर डी-७६ या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) साडेसात मिनिटं. आपलं नळाचं पाणी उन्हाळ्यात त्याहून कितीतरी कोमट. तेवढाच वेळ ठेवलात तर निगेटिव्ह नको इतकी दाट होते. बर्फाच्या पाण्याच्या टोपात बाटल्या ठेवा, नाहीतर डेव्हलपरमध्ये तेवढंच पाणी घालून तो एकास एक पातळ करा. मग २० अंशांना ११ मिनिटं लागतात, म्हणजे गरम दिवसांत वेळ कमी करायला जागा राहते. पाच मिनिटांखाली गेलात तर रोल सारखा धुतला जाण्याचा भरवसा नाही.

अंधारी खोली आणि एन्लार्जर (निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र) लागतो तो प्रिंटसाठी. लाल दिवा चालतो तोही फक्त कागदाला, रोलला नाही. टेस्ट स्ट्रिप, म्हणजे कागदाच्या पट्टीवर वेगवेगळ्या वेळांची चाचणी, काढायची, मल्टिग्रेड कागदासाठी कॉन्ट्रास्ट ठरवणारा फिल्टर निवडायचा, मग हाताच्या सावलीने चेहरा झाकून आभाळाला चार सेकंद जास्त द्यायचे. स्क्रीनवर स्लायडर मागेपुढे करता येतो, म्हणून ठरवणं पुढे ढकललं जातं. इथे काय गडद हवं ते एन्लार्जरचा दिवा लावण्याआधी ठरवावं लागतं, आणि डिजिटलने मला तरी ही शिस्त कधी लावली नाही. कागद आरसीचाच, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेला घ्या. तो दोनेक मिनिटांत धुऊन होतो. असा थर नसलेल्या फायबर कागदाला तासभर पाणी लागतं, आणि ठरावीक वेळेलाच पाणी येणाऱ्या इमारतीत ते कुठून आणणार?

कॅमेऱ्यासाठी फोर्टात बोरा बाजाराकडे चक्कर मारा. लेन्सवर आडवा टॉर्च मारून बुरशी पाहा, फिल्मच्या झाकणाजवळचा, उजेड आत येऊ न देणारा फोम चिकट झालाय का तेही. पेंटॅक्स के१००० सारख्या यांत्रिक बॉडीला बॅटरी फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरपुरती लागते, हे विद्यार्थ्याच्या सोयीचं.

डार्करूमसाठी कोर्स लावणार असाल तर माहितीपत्रकापेक्षा खोली बघून या. किती एन्लार्जर चालू आहेत, वर्गाच्या वेळेबाहेर तिथे काम करू देतात का, हे विचारा. दोन तासांत एक धड प्रिंट निघाला तरी पुष्कळ, त्यामुळे किल्ली कोणाकडे असते हेही विचारून ठेवा.