गावच्या पाणीपुरवठा संस्थेचं पाणी घ्यावं का? सभासदाचा रिव्ह्यू

करवीर तालुक्यात भोगावतीकाठी आमचं गाव. इकडं नवीन जमीन घेणारे सारखं विचारतात की संस्थेचं पाणी घेऊ का स्वतःची मोटर टाकू, म्हणून लिहितोय. संस्थेचंच घ्या, बिनधास्त.

शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम काढलं, ते पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला, पण मग उन्हाळ्यातही नदीला पाणी राहायला लागलं. तरी पाणी खाली नदीत आणि आमचा माळ वर, तिथं पावसाच्या भरवशावर ज्वारी-भुईमूग. जॅकवेल (नदीकाठची पाणी उपसायची विहीर), पाईपलाईन एकट्याच्या आवाक्यातलं काम नव्हतं, म्हणून आजोबांच्या पिढीनं मिळून संस्था काढली, भूविकास बँकेच्या कर्जासाठी सगळ्यांनी जमिनी तारण दिल्या. अर्धा एकरवाल्याच्या सातबाऱ्यावर पण बोजा चढला! तो फिटेपर्यंत काय ओढाताण झाली ते म्हातारी माणसं अजून सांगतात, मला त्या लोकांचं लई कौतुक वाटतं.

आता सर्व्हिसचं. पाळी पाईपलाईनच्या शेवटच्या चावीपासून (व्हॉल्व्हपासून) सुरू होऊन नदीकडं येते, त्यामुळं टोकाच्या शेतकऱ्याचं पाणी नदीकडच्यांनी मधेच मारायचा विषयच येत नाही. चेअरमनचा मळा असो नाहीतर कुणाचं वीस गुंठं, नंबर आला की पाणी. पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा संस्थेचा माणूस, रात्री बॅटरी घेऊन चेंबर उघडायला येतो, आणि लाईट गेली तर राहिलेले तास वहीत मांडून दुसऱ्या दिवशी देतो, ती वही कुणीही बघू शकतो. पाणीपट्टी कारखान्याच्या ऊसबिलातून कापून जाते. 2019 च्या महापुरात मोटरी बुडाल्या तेव्हा संस्थेच्या पोरांनी गाळ काढण्यापासून सगळं अंगावर घेतलं, स्वतःची मोटर असती तर ते सगळं एकट्यालाच निस्तरावं लागलं असतं.

खटकतं ते एकच. पाणीपट्टी एकरावर आहे, कितीही पाणी घ्या पैसे तेवढेच, मग लोक सरी तुंबेपर्यंत पाणी सोडतात. शिरोळकडं असंच करून किती जमिनी क्षारपड (मीठ फुटून नापीक) झाल्यात ते जाऊन बघा. ठिबकवाल्याला सूट द्या म्हणून मी जनरल मीटिंगला विषय मांडणार आहे.

जमीन घेताना आधीच्या मालकाचा संस्थेतला शेअर नावावर करून घ्या आणि पाणीपट्टीची थकबाकी ऑफिसात विचारा, खरेदीखत व्हायच्या आधी.